चांगुणाचं रॉकेट

वाईहून कुंडलला जायचा सरळ रस्ता कऱ्हाडवरून आहे. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. मी मात्र द्राविडी प्राणायाम केला. माणमार्गे गेले, तीन दिवस घालवले, वाटेत एका शाळेच्या खिचडीत रॉकेट पाडलं आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून तळ्यात उतरले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एवढं पुरे झालं, असं आमच्या ह्यांचं मत आहे.

मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आपलं यान उतरलं त्या वर्षापासून आसपासच्या शाळांतून 'रॉकेटची गोष्ट' सांगत फिरते. चिनी लोकांच्या दारू ठासलेल्या नळ्यांपासून सुरुवात करायची, मग मराठ्यांच्या आणि म्हैसूरकरांच्या फौजांतले बाण, मग केरळच्या किनाऱ्यावर चर्चमध्ये थाटलेलं आपलं पहिलं ऑफिस आणि सायकलच्या कॅरिअरवरून नेलेले रॉकेटचे भाग. शेवटी सोड्याच्या बाटलीत थोडं पाणी घालून, सायकलच्या पंपाने हवा कोंबून ती आभाळात सोडायची. पोरं खूश, मीही खूश.

या गोष्टीत एक अमेरिकन शास्त्रज्ञ येतो. रॉकेट एक दिवस चंद्रापर्यंत जाईल असं त्याने लिहिलं, तर तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने त्याची यथेच्छ टिंगल केली. वर हवाच नाही, मग रॉकेट रेटा कशाला देणार? शाळेत रोज शिकवतात तेवढंही या गृहस्थाला ठाऊक नाही, अशा अर्थाचं त्यांनी छापलं. पुढे पन्नासएक वर्षांनी माणसं खरोखरच चंद्राकडे निघाली तेव्हा त्या वर्तमानपत्राने चूक कबूल केली. तोवर शास्त्रज्ञ मरून बरीच वर्षं झाली होती. इथे पोरं हमखास हसतात. यंदा पावसाळ्यात वाईतल्या एका शाळेत एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "बाई, चूक कळायला एवढी वर्षं कशी लागली?"

"कळली असेल आधीच," मी म्हणाले. "कबूल करायला वेळ लागतो."

बोलून गेले आणि हातातला खडू हातातच राहिला. कारण तीच चूक मी केली होती, तेच वाक्य वर्गात म्हणाले होते, आणि ते चूक आहे हे मला एकोणचाळीस वर्षं माहीत होतं.

साल चौऱ्याऐंशी. आपला पहिला माणूस अवकाशात गेला होता आणि रेडिओवर दुसरा विषय नव्हता. मी तेवीस वर्षांची, माण तालुक्यातल्या एका वाडीवर पहिल्याच नेमणुकीला. सातवीच्या वर्गाला मोठ्या ऐटीत सांगितलं की रॉकेटमधून निघालेला वायू खालच्या हवेला ढकलतो आणि त्या रेट्याने रॉकेट वर जातं. मेंढपाळांच्या वस्तीवरची चांगुणा उठून म्हणाली, "बाई, वर हवा न्हाई म्हनताय. मग थितं कशाला ढकलतंय?" मला उत्तर येत नव्हतं. तिला येत होतं. ती म्हणाली की तळ्यात ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून धोंडे फेकले की ट्यूब मागे सरकते, आणि धोंडा कशाला तटत नाही तरी सरकते. वर्ग हसला. मी म्हणाले, "मेंढरं राखायची अक्कल इथे नको. उभी राहा." आणि तिला 'बस' म्हणायचं मी विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही, म्हटलं नाही. शाळा सुटल्याची घंटा होईपर्यंत ती उभी होती. वार्षिक परीक्षेत तिने तेच उत्तर लिहिलं आणि मी लाल शाईने शून्य दिलं. आठवीला ती शाळेत गेलीच नाही.

दोन वर्षांनी एका शिबिरात मला खरं उत्तर कळलं. तोवर माझी वाईकडे बदली झाली होती. ही बदलीची सबब मी स्वतःशी पुढे इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरली.

"एकेचाळीस वर्षांनी माफी?" आमचे हे म्हणाले. "अगं, टपालखातंसुद्धा इतका उशीर करत नाही."

"चांगुणा जिवंत असेल तोवर पोचायचंय," मी म्हणाले आणि पिशवी भरायला घेतली. बाटल्या, पंप, बुचं, साताऱ्यात घ्यायच्या कंदी पेढ्यांसाठी डबा. ह्यांनी वाईच्या हळदीची एक पुडी वर ठेवली. कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

माण

दिवाळीला पंधरा दिवस होते. पुसेगाव मागे पडलं की डोंगर उघडे होत जातात आणि घरं एकमेकांपासून लांब लांब बसलेली दिसतात. आमच्या वाईत नदीचा घाट सोडला तर कोपरा मारल्याशिवाय चालता येत नाही. इथे रस्त्यावर उभं राहिलं की उद्या कोण येणार तेही दिसावं इतकं मोकळं. यंदा पाऊस चांगला झाला होता. बाजरी निघालेली, ज्वारीची पेरणी चाललेली, आणि ओढ्यांना चक्क पाणी. मी इथे होते तेव्हा असं वर्ष एखादंच यायचं.

माझी जुनी शाळा ओळखू आली नाही. पत्र्याच्या जागी स्लॅब, भिंतीवर मोठा टीव्ही. मुख्याध्यापक माझ्या पहिल्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. त्यांनी पोरांना गोळा केलं आणि मी गोष्ट सांगितली. पृथ्वीभोवती फिरायला पाठवलेल्या त्या पहिल्या कुत्रीपाशी आले तेव्हा पोरं पुढे सरकून बसली. तिला परत आणायची सोयच केली नव्हती हे सांगितल्यावर पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच तिला सोडून आले.

मग पटांगणात बाटली उडवायची वेळ आली. जमीन भुसभुशीत होती, टेकू नीट रोवला गेला नाही, आणि मला ते दिसत असून मी पंप मारत राहिले. बूच सुटलं तेव्हा बाटली वर जायच्या ऐवजी आडवी सुटली, पोरांच्या डोक्यांवरून पटांगण ओलांडून गेली आणि दुपारच्या खिचडीच्या उघड्या पातेल्यात पडली. नेम धरून मारली असती तर लागली नसती.

खिचडी शिजवणाऱ्या पारूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आवं बाई, ह्ये चंद्रावर जानार हुतं न्हवं?"

मी शंभरदा चुकलं म्हणाले. त्यांनी पळीने बाटली काढली, थेंबभर खिचडी तळहातावर घेऊन चाखली, चिमूटभर मीठ टाकलं आणि पोरांना बसवलं. मलाही ताट दिलं. जेवता जेवता मी चांगुणाचं नाव काढलं.

"धुळाआबाची भन व्हय? दिली की तिला कवाच, लांब सांगलीकडं." पारूबाईंनी पळीनेच टेकडीकडे दाखवलं. "आबा हायती वस्तीवर. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन जात्यात. आत्ताच गाठा."

धुळाआबा घरापुढच्या बाभळीखाली चातीवर लोकर कातत बसले होते. लाल पटका, पांढऱ्या मिशा, साठीच्या पुढचं वय. मी नाव सांगितलं. चाती थांबली नाही.

"उभं करनाऱ्या बाई," ते म्हणाले.

मला वाटलं होतं की ओळख द्यावी लागेल. त्यांच्या मालकिणीने, हौसाबाईंनी, हुलग्याचं माडगं पुढे ठेवलं. गरम, दाट, वरून लसणाची फोडणी. चांगलं लागत होतं. वाटी हातात धरूनच मी सगळं सांगितलं. रॉकेट हवेला ढकलत नाही, स्वतःतलाच वायू मागे फेकतं म्हणून पुढे जातं, धोंडे आणि ट्यूब हेच त्याचं खरं उत्तर, आणि मला तिची माफी मागायची आहे.

आबांनी माफीचा विषय बाजूलाच ठेवला. त्यांनी विचारलं, "ती कुत्री खरंच आनली न्हाई?" नातवंडं शाळेतून माझ्या आधी घरी पोचून बातमी देऊन गेली होती.

"नाही आणली."

"आमी मेंढरांचा वाडा हलवतो तवा कुत्रं मागं राहिलं तर अर्ध्या वाटंतनं परत जातो. ह्ये कसलं शिकल्यालं लोक?" त्यांनी धागा गुंडाळला आणि मग माझ्याकडे वळले. "धोंडं फेकून बगितलंसा का कवा?"

"नाही."

"मग तिचं खरं हुतं ह्ये तुमाला कसं कळलं?"

"पुस्तकात वाचलं."

"पुस्तकात वाचूनच तवा बी सांगितलं हुतं की."

पस्तीस वर्षं मी शाळेत काढली, पण मला असं कुणी धरलं नव्हतं. राग आला. थोडा त्यांचा, बराचसा स्वतःचा. वाटी खाली ठेवून मी विचारलं, "ट्यूब आहे का?"

तळ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर आम्ही तिघं. तळं म्हणजे वस्तीखालचा पाझर तलाव, यंदा काठोकाठ. आबांच्या मुलाच्या ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवून ठेवलेली. हौसाबाईंनी घमेलंभर धोंडे गोळा केले होते, सगळे नारळाएवढे. मी साडीचा कासोटा घातला, जो मी लग्नानंतर कधी घातला नव्हता, आणि हौसाबाई तोंडाला पदर लावून हसू लपवू लागल्या.

आबांनी ट्यूबला दोर बांधला. "पोहाया येतंय का?"

"कृष्णेकाठची आहे मी," मी रुबाबात म्हणाले. पोहून पंचवीस वर्षं झाली होती हे सांगितलं नाही.

ट्यूबवर एक फळी, फळीवर मी, मांडीवर धोंड्यांचं घमेलं. आबांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून मला आत ढकललं. ट्यूब स्थिर झाली तेव्हा काठ माझ्या पाठीमागे पाचसहा हातांवर होता. मी ओरडले, "दोर ढिला सोडा! नाहीतर तुम्हीच ओढलंत असं होईल."

"सोडलाय! टाका आता!"

पहिला धोंडा मी भीतभीत टाकला. डबकन आवाज झाला, ट्यूब गोल फिरली आणि माझं तोंड भलतीकडेच झालं. दुसऱ्याला पुन्हा तेच. काठावरून हौसाबाई ओरडल्या, "छातीपासनं, बाई! दोनी हातानं! जात्याची खुटी लोटल्यावानी!" तिसरा धोंडा मी छातीशी धरला आणि जीव खाऊन समोर लोटला.

ट्यूब मागे गेली.

फार नाही, वीतभर. पण ती गेली, आणि धोंडा अजून हवेतच होता. तो पाण्यात पडायच्या आधीच मला धक्का लागला होता. तो कशालाही टेकला नव्हता, कशालाही रेटत नव्हता. मी त्याला लोटलं म्हणून त्याने मला लोटलं, एवढंच. शेकडो पोरांना मी हे फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. अंगाला ते त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. वारा पाठीकडून येत होता, म्हणजे मला आणखी आत ढकलत होता, तरी मी एकेका धोंड्याला काठाकडे सरकत होते. सहा, सात, आठ. खांदे भरून आले. अकराव्या धोंड्याला ट्यूब काठाच्या चिखलात रुतली.

मला हसू फुटलं आणि लगेच रडू आलं. बारा वर्षांची पोर हे सगळं स्वतःच्या अंगाने शोधून वर्गात घेऊन आली होती. जगातली मोठमोठी माणसं ज्या गोष्टीत चुकली तिथे ती बरोबर होती, आणि मी तिला उभं केलं. चिखलात बसून मी पदराने डोळे पुसत राहिले. आबांनी दोर गुंडाळला आणि पहिल्यांदाच माझ्याशी मऊ आवाजात बोलले.

"कुंडलला दिलीय तिला. द्राक्षाची बाग हाय. कुनालाबी इचारा, फौजीची चांगुणा म्हनून सांगत्यात." मग दोर खांद्यावर टाकून म्हणाले, "माफ करंल का न्हाई ते मी सांगत न्हाई. ती लय हट्टी हाय."

"मीही आहे," मी म्हणाले.

कुंडल

मायणी, विटा करत खाली उतरलं की तासाभरात मुलूख बदलतो. माणात हिरवं दिसलं की आपण थांबून बघतो, इथे हिरव्यातून वाट काढावी लागते. दोन्ही बाजूंना ऊस, मधे द्राक्षाच्या बागा, आणि पाटातून वाहणारं पाणी. कृष्णा आमच्या वाईच्या घाटावर देवळांच्या पायऱ्या भिजवते, लोक तिची आरती करतात. इथे तिला दिवसरात्र कामाला जुंपलेलं आहे. मला दोन्ही आवडतं, पण नदीला विचारलं तर ती काय म्हणेल ते सांगता येत नाही.

फौजीची बाग लगेच सापडली. नुकतीच छाटणी झालेली, वेलींना कोवळे कोंब, आणि रोगाच्या भीतीने फवारणी चालू. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, तोंडाला फडकं, हातात फवारणीची लांब गन घेतलेली उंच बाई ओळीतून माझ्याकडे येत होती. प्रत्येक वेळी खटका दाबला की गन मागे झटका द्यायची आणि ती कोपर पोटाशी घट्ट धरून तो झटका सहज जिरवायची. मी तिला चालीवरून ओळखलं. वर्गातही ती अशीच ताठ उभी होती.

तिने नवऱ्याला इंजिन बंद करायला हात केला आणि फडकं खाली ओढलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, सातवीचा वर्ग सांगितला.

"बाई व्हय? आवं, म्हातारं झालासा की!" ती वाकून पाया पडली. "काय काम काढलं?"

पाठ केलेलं सगळं मी तिथेच, वेलींच्या मधे, एका दमात बोलले. रॉकेट, धोंडे, शून्य गुण, मी बोललेलं ते वाक्य. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिने गन दुसऱ्या हातात घेतली.

"मला न्हाई बा काय आठवत," ती म्हणाली. "तुमीबी कशाला जुनं उकरत बसलाय? जेवून जावा." आणि फडकं वर ओढून पुढच्या ओळीत गेली.

या उत्तराची मी तयारी केली नव्हती. ती चिडेल, रडेल, दारातून हाकलेल, हे सगळं मनात घोळवून झालं होतं. तिला आठवतच नसेल तर माफी ठेवायची कुठे? फौजी मला घरी घेऊन गेले, लोटाभर पाणी दिलं आणि सैन्यातल्या थंडीच्या गोष्टी सांगू लागले. माझं त्यात लक्ष नव्हतं. मला परतीची गाडी दिसायला लागली, आणि ह्यांचा चेहरा.

चांगुणा हातपाय धुऊन आली, भाकरी थापल्या. वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. मी पेढे दिले आणि हळदीची पुडीही. ती पुडी उघडून हुंगत म्हणाली, "सांगलीकडं हळद आनलीसा? उद्या समुद्राला मीठ घिऊन जाशीला." आम्ही हसलो. जेवणाची बैठक जरा सैल झाली. फौजींनी विचारलं, माणला कशाला गेला होता? मी मनात म्हटलं, माफी नाही तर नाही, गंमत तरी सांगू. मी तळ्यावरची हकीकत सांगितली. कासोटा, गोल फिरलेली ट्यूब, हौसाबाईंची आरडाओरड, चिखल. फौजींना ठसका लागला.

चांगुणा हसत नव्हती. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती.

"किती धोंडं लागलं काठाला जायाला?" तिने विचारलं.

"अकरा."

"मला पाच लागायचं." ती तव्याकडे बघत होती. "मी हलकी हुते. आन् धोंडं जड घ्यायची."

फौजींनी ताट उचललं आणि ते बाहेर गेले.

"आठवतंय तर," मी म्हणाले.

"सगळं आठवतंय. तुमचं लुगडं निळं हुतं." तिने पदराने कपाळ पुसलं. "बाई, खरं बोलू का? माजी शाळा तुमच्यामुळं न्हाई सुटली. बापाला मेंढरामागं मानूस पायजे हुतं. पर मी घरात भांडनार हुते. आठवीला जानार म्हनून जेवन सोडनार हुते, आईला सांगितलं बी हुतं. मग तुमी त्ये बोललासा. मला वाटलं, बाईच म्हनत्यात तर आपली अक्कल मेंढरापुरतीच आसंल. भांडायचं बळच गेलं बगा."

मी शून्याची माफी मागायला आले होते. खरी चूक त्याहून कितीतरी मोठी होती, आणि तिची भरपाई माझ्याकडे नव्हती. मी तसंच सांगितलं. "याचं मी काही परत देऊ शकत नाही, चांगुणा. माझं चुकलं. फार चुकलं."

"हितं चुलीपुढं म्हनून काय उपेग?" तिचा आवाज चढला. "वर्गात बोललासा. चाळीस पोरांपुढं. वर्गातच म्हना."

"ती पोरं आता कुठे मिळणार?"

"दुसरी हायत की. हितल्या शाळंच्या समितीवर हाय मी. उद्या सातवीचा तास मागून घेते." ती उठली आणि भाकरीचं पीठ झटकू लागली. "आन् समदं सांगायचं. मेंढराचं वाक्य गाळायचं न्हाई."

सातवीचा वर्ग

तो वाडीचा वर्ग नव्हता. पंखे होते, फरशी होती, मुलांच्या पायात बूट होते. पण सातवीची पोरं सगळीकडे सारखीच असतात. पुढचे बाक शहाणे, मागचे चुळबुळे. शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत घालून, चांगुणा बसली. आज तिने जरीकाठाची साडी नेसली होती. शिक्षकांनी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. मी बसले नाही.

गोष्ट नेहमीसारखी सुरू केली. दारूच्या नळ्या, फौजांतले बाण, बैलगाडीवरून नेलेला आपला उपग्रह. कुत्रीपाशी आले तेव्हा धुळाआबांचं म्हणणंही सांगितलं आणि वर्गाने ते एकमताने मान्य केलं. मग तो अमेरिकन शास्त्रज्ञ आणि वर्तमानपत्र. पोरं हसली. मी हसू दिलं.

"आता त्या वर्तमानपत्राची दुसरी गोष्ट," मी म्हणाले. "ते वर्तमानपत्र म्हणजे मी."

आणि सगळं सांगितलं. ट्यूब, धोंडे, वर्गाचं हसणं. मेंढरांचं वाक्य आलं तेव्हा दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि ते वाक्य जसंच्या तसं उच्चारलं. मेंढपाळांच्या घरातली दोनतीन मुलं तरी वर्गात असतील, त्यांच्याकडे बघणं जड गेलं, पण बघितलं.

"ती मुलगी बरोबर होती," मी म्हणाले. "मी चुकले होते. चूक कळल्यावरही मी एकोणचाळीस वर्षं गप्प बसले, ही दुसरी चूक. ती मुलगी मागे बसली आहे. चांगुणा, मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागते."

सगळ्या माना मागे वळल्या. चांगुणा बाकाकडे बघत होती.

मधल्या रांगेतला एक मुलगा उठला. "बाई, त्यांना गुण किती दिले होते?"

"पाचपैकी शून्य."

"मग आता द्या ना!"

"पाच!" वर्ग ओरडला. "पाचपैकी पाच!"

"चार द्या," मागून चांगुणाचा आवाज आला. "अक्षर लय वंगाळ हुतं." आणि वर्ग जो हसला तो त्या दिवसासारखा नव्हता. मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं, पुढे चार लिहिले, मग चार पुसून पाच केले. तिने हरकत घेतली नाही.

पुढे बसलेल्या एका मुलीने हात वर केला. ती हसत नव्हती. "बाई, त्यांना उभं केलं होतं म्हणालात. किती वेळ?"

"घंटा होईपर्यंत. दुपारभर."

"तुम्ही बस म्हणाला नाहीत?"

"नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तास सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. तळ्यात भरलेले माझे खांदे आणि गुडघे ठणकत होते, पण मी ठरवून उभी होते आणि घंटेपर्यंत उभी राहणार होते.

शेवटच्या बाकाचा आवाज झाला. चांगुणा उठली, बाकांमधल्या वाटेने सरळ पुढे आली, भिंतीशी ठेवलेली खुर्ची तिने एका हाताने उचलली आणि माझ्या मागे आणून ठेवली.

"बसा, बाई," ती म्हणाली. "लय येळ झाला."

मी बसले.